जुनी मोटार पुन्हां उभी करतांना

मोटारीविषयीं भाषण करण्याचा तुम्हांस अधिकार तो काय, असा प्रश्न मला प्रथम माझ्या घरांतच विचारला गेला. माझ्या मालकीचें वाहन म्हणावें तर आयुष्यांत एक सायकल तेवढी झाली. शिक्षण मॅट्रिकपर्यंत; त्यानंतर सदतीस वर्षें प्राथमिक शाळेंत खडू आणि फळा यांच्याशींच संबंध. परंतु निवृत्तीनंतर गेलीं दोन वर्षें, आठवड्यांतून दोन दिवस, मी ठाण्याच्या वागळे इस्टेटींतील एका गाळ्यांत जाऊन बसत आलों आहें. त्या गाळ्यांत १९६८ सालची एक फियाट मोटार शेवटच्या स्क्रूपर्यंत उकलली गेली आणि माझ्या डोळ्यांदेखत पुन्हां उभी राहिली. त्या कामाचे कोणते टप्पे आनंदाचे, कोणते कंटाळ्याचे, आणि मुळांत असल्या कामांत आनंद कां व्हावा, एवढेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. यंत्रशास्त्र मला येत नाहीं. मीं जें पाहिलें आणि विचारून समजून घेतलें, तेंच सांगेन.

हा गाळा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. १९८५ च्या सुमारास तो माझ्या हाताखालीं चौथींत होता. पुस्तकांत त्याचें लक्ष नसे. बाकाचे खिळे, कंपासपेटीची बिजागरी, वर्गांतलें घड्याळ, जें हातीं लागेल तें तो उकलून ठेवी. एकदां संतापून मी भर वर्गांत त्यास म्हणालों, "तुझ्या हातांत शेवटीं पानाच येणार!" मुलें हंसलीं. मी तें शिक्षा म्हणून बोललों आणि विसरूनहि गेलों. तीन वर्षांपूर्वीं रोड नंबर सोळावरील पासपोर्टच्या कचेरींत नातवाच्या कामासाठीं गेलों असतां, बाहेर चहाच्या टपरीवर एका पन्नाशीला आलेल्या गृहस्थानें वांकून नमस्कार केला आणि हंसून म्हटलें, "गुरुजी, तुमचं म्हणणं खरं झालं. पानाच आला हातांत." त्याच्या बोलण्यांत राग नव्हता; म्हणूनच तें मला अधिक लागलें.

त्यानें मला आपला गाळा दाखविला. कोपऱ्यांत ताडपत्रीखालीं त्याच्या वडिलांची फियाट उभी होती. वडील वारल्यापासून आठ वर्षें ती जागची हलली नव्हती. आई ऐंशीच्या घरांत. "ह्यांच्या गाडींतून एकदा कौपिनेश्वराला जाऊन यावंसं वाटतं," असें ती अधूनमधून म्हणे. त्या एका इच्छेसाठीं हें काम निघालें होतें, आणि आईचें वय पाहतां तें फार लांबविण्यास सवड नव्हती. "गुरुजी, तुम्ही येऊन बसा. तुमचं अक्षर चांगलं आहे, वही तुम्ही लिहा," असें त्यानें म्हटलें आणि मी गुंतलों.

परंतु गाडी कशी उभी करावयाची यावरून बापलेकांत दोन पक्ष पडले होते. मुलगा अभियांत्रिकीचा डिप्लोमा करणारा. त्यास आजोबांच्या गाडीची 'हॉट रॉड' करावयाची होती. हा शब्द मला नवा होता; आपणांपैकींहि कांहींस असेल. हॉट रॉड म्हणजे स्वस्तांत मिळालेल्या जुन्या मोटारीचें ओझें उतरवून, तिच्यांत अधिक जोराचें इंजिन बसवून, आपल्या हातांनीं बनविलेली वेगाची गाडी. ही आवड अमेरिकेंत, मुख्यतः कॅलिफोर्नियांत, १९३० नंतरच्या दशकांत वाढली. फोर्ड कंपनीनें १९०८ ते १९२७ या काळांत 'मॉडेल टी' जातीच्या दीड कोटीहून अधिक गाड्या विकल्या होत्या. त्यामुळें जुनी गाडी तेथें कवडीमोलानें मिळे. पुढें १९३२ त त्याच कंपनीनें आठ सिलिंडरांचें, ६५ अश्वशक्तीचें इंजिन साधारण माणसास परवडेल अशा गाडींत बसविलें. तेथील तरुणांनीं या गाड्यांचे मडगार्ड काढले, छप्परें कापून बुटकीं केलीं, आणि म्यूरॉकसारख्या आटलेल्या तळ्यांच्या सपाट तळांवर त्या पळविल्या. १९३७ त वेग मोजण्यासाठीं त्यांची संघटना झाली आणि १९४८ च्या जानेवारींत 'हॉट रॉड' या नांवाचें मासिकहि निघालें. त्या तरुणांपाशीं फारसा पैसा नव्हता. शेड होती, हत्यारें होतीं, भंगार होतें आणि उमेद होती. आमच्या या मुलाचें म्हणणें असें कीं, वागळे इस्टेटींत यांपैकीं कशाची उणीव आहे?

बापाचें उत्तर दुहेरी होतें. एक उत्तर कायद्याचें. आपल्याकडील १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें कीं, कारखानदारानें ठरविलेल्या मूळ रचनेंत मालकानें मन मानेल तसा फेरफार करूं नये. कांहीं ठराविक बदल तेवढे मंजुरीनें होतात. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि हीच गोष्ट स्पष्ट केली. उलट, जी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आहे आणि मूळ रूपांत राखलेली आहे, तिच्यासाठीं २०२१ त सरकारनें वेगळे नियम केले. अशी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवितां येते; नव्या नोंदणीस २० हजार रुपये शुल्क आहे, आणि ती रोजच्या वापरास किंवा धंद्यास लावतां येत नाहीं.

दुसरें उत्तर यंत्राचें होतें आणि मला तें अधिक पटलें. या फियाटला ट्रकसारखा वेगळा सांगाडा नाहीं; पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. तिचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, शक्ति ४० अश्वशक्तीच्या आसपास. तेवढ्याच जोराच्या हिशेबानें तिचे ब्रेक, स्प्रिंगा आणि आंस बनविलेले. वेग दुप्पट झाला कीं थांबविण्याची शक्ति दुप्पट लागत नाहीं, चौपट लागते. म्हणजे ताशीं ४० किलोमीटरवरून ८० वर गेलेल्या गाडीच्या ब्रेकांस चौपट ऊर्जा गिळावी लागते. "इंजिन बदललंस की ब्रेक बदल, ब्रेक बदललेस की आंस बदल, मग पेटीला आधार दे. शेवटी आजोबांचं काय उरलं? नंबर प्लेट!" असें बाप म्हणाला. मुलगा गप्प झाला, पण एक अट घालून: गाडी मूळचीच ठेवूं, परंतु कोणतेंहि काम बाहेर टाकण्यापूर्वीं तें मला करूं द्यावें. पुढें दोन वर्षांत मला असें दिसून आलें कीं, हॉट रॉड असो वा मूळ रूपांत उभी केलेली जुनी गाडी असो, कामाचे टप्पे बहुतेक तेच आणि त्यांतील आनंदहि तोच.

या गाडीचा आपल्या प्रांताशीं असलेला संबंध दोन वाक्यांत सांगण्याजोगा आहे. १९४४ त वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट गाड्या तयार होऊं लागल्या. तिच्या गोलसर जुन्या आवृत्तीस मुंबईकर लाडानें 'डुक्कर फियाट' म्हणत. नंतरची कोनदार आवृत्ति पुढें 'पद्मिनी' या नांवानें प्रसिद्ध झाली आणि काळ्या-पिवळ्या रंगांत मुंबईची ओळख होऊन बसली. २०२३ च्या ऑक्टोबरांत त्या टॅक्सीचेहि दिवस संपले.

आणि वागळे इस्टेट? १ ऑगस्ट १९६२ रोजीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. त्याच्या अगदीं आरंभींच्या वसाहतींपैकीं ही एक. चेकनाक्यापासून आंत शिरलें कीं रस्त्यांस नांवें नाहींत, क्रमांक आहेत. पूर्वीं सकाळीं भोंगे होत आणि सायकलींची रांग लागे. आज पुष्कळ कारखान्यांच्या जागीं कांचेच्या उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांत संगणकावर काम करणारीं मुलेंमुली जातात. त्याविषयीं तक्रार करण्याचें कारण नाहीं. माझा भाचाहि तेथेंच आहे. परंतु मधल्या गल्ल्यांत अजून गाळे शिल्लक आहेत. एकांत लेथ, दुसऱ्यांत बोअरिंगचें यंत्र, तिसऱ्यांत मुलामा देणारा, चौथ्यांत रेडिएटर दुरुस्त करणारा. एका मोटारीस लागणारे बहुतेक हात चालत दहा मिनिटांच्या टापूंत सांपडतात. ही सोय किती दिवस राहील, हें मात्र सांगवत नाहीं.

आतां टप्प्यांकडे वळूं. पहिला टप्पा उकलण्याचा. हा आनंद सर्वांस समजतो, कारण तो लहान मुलाचा आनंद आहे. वर्षानुवर्षें न हललेला नट रॉकेलांत भिजत ठेवावा, हलकेच ठोकावा, आणि तो 'कट्' असा आवाज करून सुटावा, यांत कांहीं विलक्षण समाधान आहे. मागच्या बैठकीखालीं पांच पैशांचें चौकोनी नाणें, एक कंगवा आणि एसटीचें एक तिकीट निघालें. तिघांनींहि तें हातांत घेऊन पाहिलें आणि कोणी कांहीं बोललें नाहीं. जमिनीच्या पत्र्याखालीं कोणा अज्ञात मेस्त्रीनें डालड्याच्या डब्याचा तुकडा झाळून बसविलेला निघाला, तेव्हां मात्र सगळे मनमोकळे हंसलों.

परंतु हा आनंद फसवा आहे. प्रत्येक नट सुटतो तसें काम पुढें गेलें असें वाटतें; वस्तुतः तें वाढलेलें असतें. हौसेनें उकललेल्या आणि कधींच न जुळलेल्या कितीतरी गाड्या भंगारांत जातात त्या याच चुकीनें. म्हणून येथें शिस्त लागते. काढलेला भाग जेथून काढला तेथील फोटो, मग पिशवी, पिशवीवर क्रमांक, आणि तो क्रमांक वहींत. हजेरीपट लिहिण्याची माझी जन्माची सवय येथें कामीं आली. पिशव्यांचा आंकडा तीनशेंच्या वर गेला आणि जुळणीच्या वेळीं एकहि वॉशर कमी पडला नाहीं, याचा मला थोडा अभिमान आहे.

दुसरा टप्पा मापाचा, आणि माझ्या मतें बुद्धीचा खरा आनंद येथें आहे. सुतारकामांत आपण 'सूत' म्हणतों. एका इंचाचीं आठ सुतें. लेथवरच्या कारागिराचें मन सुतांत रमत नाहीं. तो 'थाऊ'त बोलतो. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरच्या हिशेबानें सुमारें ०.०२५. आपल्या डोक्याचा केंसहि याच्या दोन-तीन पट जाड असतो. सिलिंडर आणि पिस्टन यांमधील फट अशा थोड्याच थाऊंची असते. ती कमी झाली तर तापून फुगलेला पिस्टन अडकतो. जास्त झाली तर तेल वर चढून जळतें, निळा धूर निघतो आणि जोर जातो.

सिलिंडर सारखा झिजत नाहीं, हें मला तेथें प्रथम समजलें. पिस्टनच्या कड्या वरच्या टोंकाशीं जेथें थांबून परततात तेथें उष्णता आणि दाब अधिक, तेल कमी. म्हणून झीज वरच्या बाजूस जास्त. सिलिंडर नळीसारखा सरळ न राहतां किंचित् नरसाळ्यासारखा होतो. मुलगा आंत गेज घालून वर, मध्यें, खालीं, आडवें, उभें असें माप घेई आणि मी वहींत लिहीं. चार सिलिंडरांचीं मापें एका पानावर आलीं तेव्हां तें पान म्हणजे त्या इंजिनाच्या पन्नास वर्षांची जन्मपत्रिकाच वाटली. कोणत्या सिलिंडरानें अधिक सोसलें हें आंकडेच बोलत होते. त्यावरून किती बोअर करावयाचें तें ठरलें आणि वाढीव मापाचे पिस्टन आणले. बोअरिंग करणारा कारागीर साठी उलटलेला. काम झाल्यावर त्यानें डोळे मिटून आंतून बोट फिरविलें आणि म्हणाला, "बघा मोजून." गेजनें मोजलें, माप बरोबर होतें. त्याच्यापाशीं शिकावयास येणारें मात्र कोणी नाहीं.

यानंतरचा टप्पा पत्र्याचा; तो मुळींच आनंदाचा नाहीं, आणि तसें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. ठाण्याचा पावसाळा आणि खाडीची दमट हवा यांनीं पत्रा आंतून खाल्लेला असतो. दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत पाणी सांचतें, पाणी निघून जाण्याचीं भोकें मातीनें बुजतात, आणि वरून रंग चकचकीत असतां आंत गंज चालूं राहतो. पेटी हाच सांगाडा असल्यामुळें या पट्ट्या कापतांना आधीं आंतून आडवे टेकू झाळावे लागतात. नाहींतर पेटी वाकते आणि मग दारें जन्मांत नीट लागत नाहींत. कापा, वाकवा, लावून पाहा, पुन्हां काढा, ठोका, झाळा. असे सात महिने गेले. या काळांत गाळ्यांत कोणी गाणें गुणगुणलें नाहीं.

येथेंच एक मोह असतो, त्याचें नांव लांबी. खड्डा बुजविण्यासाठीं पत्र्यावर थापतात ती पुट्टी. पातळ हातानें, शेवटच्या सपाटीसाठीं ती लागतेच. परंतु गंजका पत्रा न कापतां त्यावर बोटभर लांबी भरून, घासून, रंग मारला कीं गाडी आठ दिवसांत नवी दिसते. मुलगा या कामास विटला होता. एके दिवशीं त्यानें डाव्या बाजूच्या एका कोपऱ्यांत तसें केलें. बाप संध्याकाळीं आला, त्यानें बोटाच्या पेरानें तेथें टकटक केली. सगळीकडे पत्र्याचा खणखणीत आवाज, त्या जागीं बद्द. तो रागावला नाहीं. त्यानें मुलाचा हात धरून त्याचें बोट त्या दोन जागांवर वाजविलें आणि तो चहा आणावयास निघून गेला. दुसऱ्या दिवशीं मुलानें तो कोपरा आपणहून कापून काढला. मी सदतीस वर्षें लाल शाईनें चुका दाखविल्या. परंतु चूक अशी ऐकवितां येते, हें मला ठाऊक नव्हतें.

पत्र्यानंतर आणि रंगापूर्वीं एक टप्पा येतो, त्यास आम्ही 'कोरी जुळणी' म्हणत होतों. रंग देण्याआधीं सगळी गाडी एकदां तात्पुरती जुळवून पाहावयाची: दारें, बॉनेट, दिवे, चाकें, इंजिनसुद्धां. नवख्यास हा दुहेरी खटाटोप वाटतो. परंतु रंगावर खरचटा पाडण्यापेक्षां उघड्या पत्र्यावर चूक सांपडलेली बरी. त्या दिवशीं चेनपुलीला टांगलेलें इंजिन तिघांनीं सांवकाश खालीं उतरविलें, गिअरबॉक्सच्या दांड्यावर तें सरकलें, आणि बोल्ट हातानेंच फिरत आंत गेले. मग घोड्या काढल्या आणि दोन वर्षांत प्रथमच ती पेटी आपल्या चार चाकांवर टेकली. करडा, डागाळलेला, वेल्डिंगच्या रेषांनीं भरलेला पत्रा. तरी ती गाडी होती. तिघांनीं मिळून ढकलली तर ती बोटभर जोरानें सरकली. हॉट रॉडवाल्यांच्या गाडीचा घाट प्रथम डोळ्यांस दिसतो तो याच टप्प्यांत. अनुभवी हातांस सगळ्यांत हाच टप्पा प्रिय कां, हें मला तेव्हां कळलें: कल्पना आणि वस्तु यांची पहिली भेट येथें होते, आणि अजून बदल करण्यास वाव असतो.

रंगाविषयीं थोडक्यांत सांगतों. पावसाळ्यांत रंग देऊं नये. थिनर उडतांना पृष्ठभाग थंड होतो, हवेंतील ओल त्यावर धरते आणि चमक धुरकट होते. म्हणून दिवाळीपर्यंत थांबलों. त्या अवकाशांत जुने रबरी पाइप बदलले. २०२५ पासून देशभर पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें आणि जुन्या गाडीचें रबर त्यानें लौकर खराब होतें. ज्यांच्यापाशीं जुनें वाहन आहे त्यांनीं एवढें अवश्य पाहावें.

आतां पहिल्यानें इंजिन सुरू करण्याचा दिवस. वायरी लावण्याच्या वेळीं माझ्या विद्यार्थ्यानें मला जवळ बोलाविलें आणि म्हणाला, "गुरुजी, दोन वर्षं नुसती वही लिहिलीत. आज ह्या चार वायरी तुम्ही लावा." डिस्ट्रिब्युटरच्या झांकणापासून चार प्लगांस चार वायरी. पहिली कोठें लावावयाची हें त्यानें दाखविलें. पुढें मीं शाळेच्या रीतीनें दोन, तीन, चार अशा क्रमानें लावून टाकल्या. इतकें सोपें काम मला दिलें याचें मनांतून थोडें हंसूंहि आलें. प्रथम प्लग काढून इंजिन फिरविलें होतें, म्हणजे तेलाचा दाब सर्वत्र पोंचावा. आग विझविण्याचें नळकांडें शेजारीं होतें. मुलानें सेल्फ मारला. इंजिन खोकलें, कार्ब्युरेटरांतून फट्कन् ज्वाळा उसळली, आणि सारें थंड झालें. पुन्हां तेंच. मी घाबरून मागें सरलों.

बाप शांतपणें म्हणाला, "गुरुजी, चारहि पिस्टन एकदम वर येतात का?" मीं क्रँक उघड्यावर पाहिला होता, आठवून म्हटलें, "नाहीं. बाहेरचे दोन एकदम वर, तेव्हां आंतले दोन खालीं." "मग पहिल्यानंतर अर्ध्या फेऱ्यानं वर कोण येणार?" "आंतल्यांपैकीं एक." "आणि त्याच्यापुढच्या अर्ध्या फेऱ्यानं?" "पुन्हां बाहेरचा. पण पहिला तर नुकताच पेटून गेला; म्हणजे चौथा." इतकें तोंडून निघालें आणि माझी चूक माझ्याच ध्यानांत आली. क्रम एक, तीन, चार, दोन असा असतो. क्रँकच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्यास एक स्फोट यावा, आणि तो आंत-बाहेर असा आलटून-पालटून यावा, यासाठीं ही योजना. मिनिटास ३००० फेरे फिरणाऱ्या इंजिनांत असे सेकंदाला शंभर स्फोट होतात. इंजिनाचा हजेरीपट हजेरीक्रमानें चालत नाहीं!

मीं थरथरत्या हातांनीं वायरी बदलल्या. सेल्फ पुन्हां मारला. दोन उचक्या, आणि मग इंजिन धडाडून सुरू झालें. थोड्या वेळानें मुलानें एक स्क्रू फिरविला तसा तो आवाज खालीं आला, एकसारखा झाला, आणि बॉनेटवर ठेवलेल्या कपांतल्या चहावर बारीक वर्तुळें उमटूं लागलीं. मुलानें बापाकडे पाहिलें. बाप पाठ फिरवून चिंधीनें हात पुसत उभा होता, आणि हात केव्हांच स्वच्छ झाले होते.

सर्वांत मोठा आनंद गाडी चालविण्याचा असेल, अशी माझी समजूत होती. ती खोटी ठरली. कार्तिकांतल्या एका सकाळीं आईस मागच्या बैठकीवर बसवून आम्ही निघालों. मी आणि दोघे बापलेक, आमचें लक्ष रस्त्याकडे कमी आणि गाडीच्या आवाजाकडे अधिक: डावीकडून काय खुळखुळतें, ब्रेक किंचित् एका अंगास ओढतो काय. तलावपाळीला वळसा घालून देवळाशीं उतरेपर्यंत आम्हीं तीन दोषांची यादी केली होती. प्रवासाचा खरा आनंद घेतला तो एकट्या म्हातारीनें. उतरतांना ती एवढेंच म्हणाली, "आवाज तोच आहे." तें ऐकून आमची यादी खिशांतच राहिली.

यावरून मला जें वाटलें तें असें. कामांतील आनंद शेवटच्या फळांत फारसा नसतो. ज्या टप्प्यांत वस्तु आपणांस खरें उत्तर देते, त्या टप्प्यांत तो असतो. माप बसतें किंवा बसत नाहीं. पत्रा खणखणतो किंवा बद्द वाजतो. इंजिन पेटतें किंवा खोकतें. तेथें वशिला चालत नाहीं, वयाचा मान चालत नाहीं, आणि मॅट्रिकचें प्रमाणपत्रहि चालत नाहीं. परीक्षेंत मीं हजारों मुलांस गुण दिले. कांहींस थोडे अधिक, कांहींस रागाच्या भरांत कमी. इतका निःपक्षपाती परीक्षक मीं वर्गांत कधीं आणला नाहीं.

देवळाच्या पायरीवर मीं त्यास त्या जुन्या वाक्याबद्दल क्षमा मागितली. तो संकोचला. म्हणाला, "गुरुजी, तेव्हा मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? घरी जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला खरा पाना आणून दिला." तो पाना अजून गाळ्यांत भिंतीवर टांगलेला आहे, याच गाडीच्या चाकांचे नट त्यानें आवळले गेले.

श्रोतेहो, प्रत्येकाच्या घरीं जुनी मोटार नसते, आणि असली तरी दोन वर्षें देतां येतील असें नाहीं. परंतु बंद पडलेलें घड्याळ, शिवणयंत्र, निदान जुनी सायकल बहुतेक घरीं असते. घरांतलें एखादें मूल ती उकलूं पाहत असेल तर त्याच्यावर ओरडूं नका. त्यास एक वही द्या, पिशव्या द्या, आणि एकच अट घाला: जें काढशील तें लिहून ठेव आणि पुन्हां जुळवून दाखव. जुळलें तर उत्तम. न जुळलें, तर कोठें अडलें हें त्यास विचारा. उत्तर आपण सांगूं नका.